जीवाणूंचे केशतंतू

राजपुरीच्या खाडीचा एक फाटा डोंगरांच्या कुशीतून आत शिरत शिरत म्हसळ्यापर्यंत येतो, आणि भरतीचे पाणी ज्या निश्चयाने तिवरांच्या मुळांत चढते त्याच निश्चयाने ओहोटीला समुद्राकडे परत निघून जाते. त्यामुळे पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलात असलेल्या या मुलखाच्या मचूळ पाण्यात ज्याला कायमचा मुक्काम करावयाचा आहे, त्याच्यापुढील पहिला प्रश्न अन्नाचा नसून ठाव धरण्याचा असतो. कालवे खडकाला जन्मभरासाठी चिकटून बसतात. शिंपल्यांच्या काही जाती आपल्या शरीरातून चिवट तंतू काढून स्वतःस दगडाशी बांधून घेतात. आणि ज्याला यांपैकी काहीच साधत नाही तो प्राणी दिवसातून दोनदा वाहत्या पाण्याच्या मर्जीवर सोपविला जातो. या दृश्य बिऱ्हाडकरूंच्या पलीकडे त्याच पाण्यात जी अदृश्य वस्ती आहे, तिच्यापुढेही प्रश्न हाच आहे, मात्र तो अधिक बिकट आहे. कारण जीवाणू इतका लहान, की हजार जीवाणू एकापुढे एक मांडले तरी दोन मिलिमीटरांची रेघ भरावी, आणि एवढ्या लहान देहाला पाण्याची अत्यल्प हालचालही हुसकावून लावण्यास पुरेशी असते.

ही अडचण जीवाणूंनी कशी निवारली याचा पुरावा विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकाचा उपयोग जीवशास्त्रात होऊ लागल्यानंतरच हाती आला. आपल्या आतड्यांत नित्य वास करणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूच्या अंगावर सर्व बाजूंनी सरळ, ताठ व अतिसूक्ष्म केस उभे असतात, आणि पोहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लांब, नागमोडी कशाभिकांहून ते निराळे असतात, हे त्या काळच्या संशोधकांना स्पष्ट दिसले. १९५५ साली स्कॉटलंडमधील ड्यूगिड व त्यांचे सहकारी यांनी या केसांना ‘फिंब्रिए’ असे नाव दिले; पुढे अमेरिकेतील चार्ल्स ब्रिंटन यांनी ‘पायलाय’ हे नाव रूढ केले; आणि विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही नावे आजतागायत चालू राहिली. मी येथे केशतंतू एवढेच म्हणतो. ज्या जीवाणूंच्या अंगावर हे तंतू होते ते रक्तातील तांबड्या पेशींना परस्परांशी चिकटवून त्यांच्या गुठळ्या करीत, आणि त्या मिश्रणात मॅनोज नावाची साधी शर्करा घातली की ही चिकटण्याची क्रिया बंद पडे, असेही त्याच सुमारास आढळून आले. याचा अर्थ असा, की हा काही डिंकासारखा सरसकट चिकटपणा नव्हे. तंतूच्या अंगी पेशीच्या पृष्ठभागावरील विवक्षित शर्करा ओळखून तेवढीच धरण्याचे कसब आहे.

हा तंतू सुमारे सात नॅनोमीटर जाड आणि एक ते दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे कित्येकदा जीवाणूच्या स्वतःच्या देहाएवढा लांब असतो, आणि तो एकसंध नसून हजारो प्रथिन-घटक एकापुढे एक गुंतवून तयार झालेला असतो. त्याच्या अगदी टोकाला ‘फिमएच’ हे एकच प्रथिन असते व शर्करा धरण्याचे काम त्याच्याकडे असते. त्याच्या खाली ‘फिमजी’ व ‘फिमएफ’ हे दोन जोडघटक येतात. आणि त्यांच्या खाली ‘फिमए’ या एकाच घटकाच्या हजार-दोन हजार, प्रसंगी तीन हजारांपर्यंत प्रती मळसूत्राच्या वळणाने रचून मुख्य दांडा उभा केलेला असतो.

आता ज्या अडचणीत ही बांधणी व्हावयाची ती नीट ध्यानात घेतली पाहिजे. ई. कोलायच्या देहाला दोन पटले असतात, एक आतले व एक बाहेरचे, आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद पोकळी असते. घटक तयार होतात आतल्या पटलाच्या आत, आणि तंतू उभा राहावयाचा बाहेरच्या पटलाच्या बाहेर. पेशीचा सर्व कारभार ज्या इंधनावर चालतो ते एटीपी आतल्या पटलाच्या आतच असते; मधल्या पोकळीत त्याचा कणही नसतो. घटकाला आतल्या पटलातून पोकळीत ढकलण्यापुरते इंधन पेशी खर्च करते, परंतु त्यापुढची सर्व जोडणी, वळण आणि बाहेर पाठवणी अशा जागी व्हावयाची की जेथे खर्चाला दमडीही मंजूर नाही.

दुसरी अडचण खुद्द घटकांच्या घडणीतच आहे. या प्रथिनाची मूळ ठेवण सात पट्ट्या शेजारी शेजारी बसून व्हावी अशी असते, परंतु त्यात पट्ट्या सहाच असतात. सातवी मुळातच नसते, आणि तिच्या जागी घटकाच्या अंगावर एक लांब खाच उघडी राहते. या खाचेचा अंतर्भाग पाण्याशी न जुळणारा असल्यामुळे तसा उघडा घटक पोकळीत मोकळा सोडला, तर तो दुसऱ्या अशाच अपुऱ्या घटकांना जाऊन चिकटावा, त्यांचे निरुपयोगी गोळे व्हावेत, आणि पोकळीतील पाचक प्रथिनांनी त्यांचा फडशा पाडावा, हाच परिणाम संभवतो. म्हणून प्रत्येक घटक पोकळीत येताच ‘फिमसी’ हे प्रथिन त्याच्याजवळ येते. शास्त्रज्ञ या जातीच्या प्रथिनांस शॅपरोन म्हणतात. आपण त्यांस पाठराखीण म्हणण्यास हरकत नाही. ही पाठराखीण स्वतःच्या अंगची एक पट्टी त्या उघड्या खाचेत घालून घटकाची उणीव तात्पुरती भरून काढते. १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात स्कॉट हल्टग्रेन, गॅब्रिएल वॅक्समन, स्टेफान नाइट इत्यादींच्या दोन संशोधक-गटांनी अशा जोड्यांच्या स्फटिकांचे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा ही उसनी पट्टी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता आली. आणि २००४ साली झुरिक येथील ग्लॉकशुबर यांच्या प्रयोगशाळेने असे दाखविले, की पाठराखीण केवळ सोबत करीत नाही, तर घटकाची घडी बसण्याची क्रियाही ती कित्येक पटींनी त्वरित करते.

पाठराखणीसह घटक बाहेरच्या पटलापाशी पोहोचतो, आणि तेथे ‘फिमडी’ नावाची देवडी असते. चोवीस पट्ट्यांच्या नळीसारखी तिची रचना असून एरवी ती एका बुचाने बंद असते. सर्वांत आधी तिच्याशी रुजू होतो तो फिमएच. त्याची देवडीशी जवळीक इतर घटकांहून अधिक, आणि त्याच्या येण्यानेच नळीतील बूच दूर होते. अन्य प्रत्येक घटकाच्या अग्रभागी दहा-वीस अमिनो आम्लांची एक मोकळी शेंडी लोंबत असते. फिमएचला मात्र शेंडी नसते, तिच्या जागी शर्करा धरणारे डोके असते. पुढचा घटक आला की त्याची शेंडी आधीच्या घटकाच्या खाचेत एका टोकाने शिरू लागते, आणि जसजशी ती एकेक पाऊल आत सरकते तसतशी पाठराखणीची पट्टी तितकीच बाहेर पडत जाते. खाच क्षणभरही रिकामी पडत नाही. पूर्ण बदल होताच पाठराखीण सुटते, नव्या घटकाची पाठराखीण तिच्या जागी येते, आणि तंतू नळीतून एका घटकाएवढा बाहेर सरकतो. शेंडी नसलेला घटक कोणाच्या खाचेत शिरू शकत नाही, म्हणून तो सर्वांच्या आधीच यावा लागतो व टोकालाच राहतो; टोकाला काय असावे याचा हुकूम कोणी वेगळा द्यावा लागत नाही, तो घटकाच्या आकृतीतच लिहिलेला असतो. मला या सबंध व्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत चतुर वाटते.

अशा रीतीने बसलेला सांधा किती पक्का असतो याचे गणित ग्लॉकशुबर यांच्याच गटाने २००८ मध्ये मांडले. शेंडी खाचेत बसल्यावर ती आपोआप सुटण्यास लागणारा काळ इतका प्रचंड, की तो थेट मोजणे शक्य नव्हते. उष्ण व तीव्र परिस्थितीत मिळालेल्या आकड्यांवरून अनुमान काढले, तेव्हा तो अब्जावधी वर्षांच्या घरात गेला. जीवाणूचे स्वतःचे आयुष्य घटकाभराचे, पण त्याने घातलेली गाठ मात्र पृथ्वीच्या वयाशी स्पर्धा करणारी.

केवळ पक्केपणाने मात्र प्रवाहात निभाव लागत नाही. ई. कोलायच्या काही जाती मूत्राशयात शिरून तेथील अस्तराच्या पेशींवरील मॅनोजला धरून बसतात, आणि स्त्रियांना वारंवार होणाऱ्या मूत्रमार्गाच्या विकारांपैकी बहुसंख्य विकारांचे मूळ तेथेच असते. मूत्राचा लोंढा आला की ताण एकदम वाढतो. अशा वेळी दांड्याचे मळसूत्री वळण उलगडते व तंतू मूळ लांबीच्या कित्येक पट लांबतो, ताण ओसरला की पुन्हा वळणे घेऊन आखडतो. नांगरलेल्या होडीचा दोर भरतीच्या ओढीत सैल सोडावा आणि ओढ कमी होताच पुन्हा आवळावा, तसाच हा प्रकार. टोकाच्या फिमएचची वागणूक तर त्याहून विलक्षण आहे. तोपर्यंतची सर्वसाधारण समजूत अशी होती, की ओढ जितकी अधिक तितकी पकड लवकर सुटावी. २००२ साली सिअॅटल येथे वेंडी थॉमस व एव्हगेनी सोकुरेंको यांनी दाखविले, की प्रवाह वाढविला तर हे जीवाणू अधिकच घट्ट धरतात व प्रवाह मंदावला की सैल पडून इकडेतिकडे सरकू लागतात. ताणाखाली फिमएचचे डोके मानेपासून किंचित दूर होते, आणि त्यासरशी शर्करेभोवतीची त्याची मूठ आवळली जाते. या मुठीत आधीच साखर भरून ठेवावी, म्हणजे जीवाणू निरुपद्रवी होऊन वाहून जाईल, ही कल्पना अर्थातच मोहक आहे, आणि मॅनोजची भुकटी बाजारात विकणाऱ्यांनी तिचा पुरता फायदा उठविला आहे. पण ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांना सहा महिने मॅनोज अथवा दुसरी साखर देऊन केलेल्या चाचणीचा निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यात मॅनोजचा काही लाभ आढळला नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र अजून उरलाच आहे. इंधन नसलेल्या पोकळीत तीन हजार सांधे जोडून तंतू बाहेर रेटावयाचा, तर ती शक्ती आली कोठून? याचे उत्तर ई. कोलायपासून नव्हे, तर मुंबई इलाख्याच्या इतिहासात कायमची काळी नोंद करून गेलेल्या एका जीवाणूपासून मिळाले, आणि म्हणून थोडे मागे गेले पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांना पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग आल्याचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईतील लाखो माणसे शहर सोडून निघाली व कोकणातली माणसे मिळेल त्या जलमार्गाने आपापल्या गावांकडे परतली. पुण्यात रँडच्या बंदोबस्ताने जो क्षोभ उसळला त्याची हकीकत, किंवा रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी आलेला मृत्यू, मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. सरकारने पाचारण केल्यावरून वाल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत कामाला लागले. मांसरसाच्या पातळ पोषकात तुपाचे अथवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, म्हणजे त्या थेंबांच्या तळाला प्लेगचे जीवाणू लोंबत्या झुंबरांसारखे वाढतात, ही त्यांची युक्ती. आणि अशा रीतीने वाढविलेले, मग उष्णतेने मारलेले जीवाणू त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतले. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

मृत जीवाणूंतील कोणत्या द्रव्यामुळे शरीर सावध होते, याचा छडा लागण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले. १९३२ साली श्यूत्से यांना आढळले, की प्लेगचा जीवाणू ३७ अंश सेल्सियसला वाढविला तर त्याच्याभोवती एक वेष्टण तयार होते, व थंड ठिकाणी वाढविला तर होत नाही. पिसवेच्या थंड पोटातून उंदराच्या अथवा मनुष्याच्या उष्ण देहात येताच त्याने अंगावर घेतलेले ते चिलखत होते. १९५० नंतर हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले व ‘एफ-१’ या नावाने प्रसिद्धीस आले. दीर्घकाळ ते आकारहीन चिकट आवरणच समजले जाई. वास्तविक ते ‘कॅफ-१’ या एकाच घटकाच्या असंख्य प्रतींपासून बनलेल्या, सुमारे दोन नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचे दाट जाळे आहे. आणि ते तंतू बांधणाऱ्या प्रथिनांत एक पाठराखीण आहे, एक देवडी आहे, खाच आहे, शेंडी आहे. ई. कोलायच्या कारखान्याचीच ही दुसरी शाखा. फरक एवढाच, की येथे टोकाला शर्करा धरणारा घटक नाही. हे तंतू धरण्यासाठी नसून निसटण्यासाठी आहेत. त्यांच्या वेष्टणामुळे रक्तातील भक्षक पेशींना जीवाणू गिळता येत नाही.

इंधनाचे कोडे या तंतूनेच सोडविले. २००३ साली स्वीडनमधील झावियालॉव्ह व नाइट आणि इंग्लंडमधील शीला मॅकिंटायर यांनी ‘सेल’ या नियतकालिकात दोन अवस्थांतील कॅफ-१ ची तुलना केली, एक पाठराखणीच्या हातात असलेला व दुसरा शेजारच्या घटकाशी जुळलेला. पहिल्या अवस्थेत घटकाचा गाभा काहीसा सैल, फुगीर व अपुरा मिटलेला आढळला. दुसरीत तो घट्ट मिटलेला होता. पाठराखीण जी पट्टी देते ती मापाने थोडी अयोग्य असते आणि म्हणून घडी पूर्ण बसू देत नाही. नेमक्या मापाची शेंडी आली की गाभा मिटतो आणि त्या मिटण्यात जी ऊर्जा सुटते तीच तंतूच्या वाढीला उपयोगी पडते. घडी पूर्ण बसली असती तर पुढे ढकलण्यास काही शिल्लक राहिले नसते. पाठराखणीची मदत अपुरी आहे म्हणूनच ती कामाची आहे. या शोधाला पाठ्यपुस्तकांत एक-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हा मला त्या पुस्तकांचा दोष वाटतो.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचा संशय उत्पन्न झाला व सप्टेंबरात सुरतेत घबराट माजली, तेव्हा निदानासाठी ज्या तपासण्या झाल्या त्यांत रोग्याच्या रक्तात या एफ-१ विरुद्धची प्रतिपिंडे आहेत काय, हे पाहणारीही एक होती. २००३ साली मादागास्करमध्ये याच तंतूला ओळखणारी कागदी पट्टी वापरात आली. ती पंधरा मिनिटांत उत्तर देते. मात्र हा तंतू अजिबात न बांधणारे प्लेगचे वाणही आहेत, आणि त्यांच्यापुढे ही पट्टी निरुपयोगी ठरते.

खाडीच्या पाण्यातील पटकीचा जीवाणू याहून निराळ्या मार्गाने जातो. त्याच्या तंतूंना ‘चौथ्या प्रकारचे’ म्हणतात, आणि तेथे फुकट काही नाही. आतल्या पटलापाशी इंधन जाळणारी यंत्रे असतात, एक तंतूला घटक पुरवून बाहेर लोटते, दुसरे तोच तंतू घटकाघटकाने उलगडून परत आत ओढते. अशाच तंतूंची जुडी परम्याच्या जीवाणूत स्वतःच्या वजनाच्या लाखभर पट ओढ देते असे मापन झाले आहे. मचूळ पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कवचधारी जीवांच्या कवचातील कायटिनला पटकीचा जीवाणू या तंतूंनी चिकटतो. आणि कायटिनची चव लागताच तो निराळा तंतू बाहेर काढून आजूबाजूच्या मृत जीवाणूंचे जनुकद्रव्य टोकाने पकडून आत ओढतो. २०१८ साली इंडियाना विद्यापीठात अंकुर दालिया यांच्या प्रयोगशाळेने तंतूंना चमकता रंग लावून ही ओढाताण प्रत्यक्ष टिपली. मनुष्याच्या आतड्यात वसाहत करण्यासाठी वापरावयाचा त्याचा तंतू १९८७ मध्ये ओळखला गेला होता, आणि १९९६ साली वॉल्डर व मेकालॅनोस यांनी सिद्ध केले, की एक विषाणू हाच तंतू धरून जीवाणूत शिरतो व येताना विषाची जनुके घेऊन येतो. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात ज्या विषाचे अस्तित्व दाखविले, ते अशा परक्याने आणलेले होते. ठाव धरण्यासाठी बाहेर टाकलेल्या दोराने वाटसरूच आत आला.

या चिकटण्याचा उपयोग माणसानेही करून घेतला आहे. पटकीचा सुटा जीवाणू कापडाच्या छिद्रांतून सहज निसटतो, पण तो ज्या कवचधारी जीवाला चिकटलेला असतो तो जीव अडकतो. जुन्या धुवट साडीच्या चार घड्या केल्या तर तिची छिद्रे सुमारे वीस मायक्रोमीटरपर्यंत लहान होतात, आणि प्रयोगशाळेत अशा घडीने कवचांना चिकटलेले ९९ टक्के जीवाणू गाळले गेले. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कॉलवेल व अनवर हक यांनी हा उपाय तीन वर्षे गावोगाव चालविला, तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. साडी फार जुनी असली की धागे फुलून छिद्रे अधिक बारीक होतात, म्हणून नवी साडी या कामी वापरू नये. आणि मोकळे तरंगणारे जीवाणू घडीतून जातातच, तेव्हा गाळलेले पाणीही उकळूनच प्यावे.